वजाबाकीने केलेली निवड : गणित, विद्याशाखा आणि एडवर्ड विल्सन यांची भूमिका

प्रस्तावना

दहावीनंतर अकरावीच्या आणि बारावीनंतर पदवीच्या प्रवेशाच्या दिवसांत एक वाक्य महाविद्यालयीन अध्यापकांच्या कानावर हमखास पडते : ‘गणित जमत नाही, म्हणून कला शाखा घेतली.’ विद्यार्थी ते संकोचाने उच्चारतो, पालक निरुपायाने, आणि बहुतेक वेळा आपण अध्यापकही ते निमूटपणे स्वीकारतो. या वाक्याचा पूर्वार्ध खरा असू शकतो. उत्तरार्धातील निर्णयही विद्यार्थ्याच्या हिताचा असू शकतो. तपासून पाहायला हवा तो या दोहोंना जोडणारा ‘म्हणून’ हा शब्द. काय आवडते, कोणते प्रश्न मनाला भिडतात, कोणत्या कामात आयुष्य घालवावेसे वाटते, यांपैकी कशाचाही उल्लेख न करता केवळ जे नको ते वजा करून जे उरते त्याला ‘निवड’ म्हणण्याची रीत आपल्याकडे रूढ झाली आहे. अशा वजाबाकीने वर्गात आलेला विद्यार्थी इतिहासाच्या, मराठीच्या किंवा समाजशास्त्राच्या बाकावर बसतो खरा. पण आपण उरलेल्या जागी बसलो आहोत, ही भावना त्याला तीन-चार वर्षे सोडत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना ज्या आधुनिक ग्रंथाचा आधार वारंवार घेतला जातो, तो म्हणजे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ एडवर्ड ओ. विल्सन (१९२९-२०२१) यांचा ‘लेटर्स टू अ यंग सायंटिस्ट’ (२०१३). त्यातील दुसरे पत्र गणितासंबंधी आहे. उत्तम वैज्ञानिक होण्यासाठी गणितात प्रवीण असावेच लागते हा समज त्यात विल्सन यांनी खोडून काढला असून, हाच विचार त्यांनी त्या वर्षी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधील एका लेखातही मांडला. प्रस्तुत लेखात या भूमिकेचे बळ आणि तिच्या मर्यादा यांची चिकित्सा करून, महाराष्ट्रातील कला शाखेच्या संदर्भात तिच्यातून काय घेता येईल आणि काय घेणे घातक ठरेल, याचा विचार करावयाचा आहे.

विल्सन यांची भूमिका

विल्सन यांचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. गणिताच्या भीतीमुळे अनेक बुद्धिमान तरुण विज्ञानाकडे पाठ फिरवतात आणि त्यात विज्ञानाचे मोठे नुकसान होते. वास्तविक कणभौतिकी, खगोलभौतिकी, माहितीसिद्धान्त अशी मोजकी क्षेत्रे वगळली, तर नवी कल्पना जन्माला येते ती समीकरणांतून नव्हे. ती वस्तुस्थितीच्या दीर्घ सहवासातून, मनश्चक्षूंपुढे उभ्या राहणाऱ्या प्रतिमांतून जन्माला येते. गणिती मांडणी पुढच्या टप्प्यावर लागते आणि तेव्हा गणितज्ञाचे साहाय्य घेता येते. ज्याच्यापाशी कल्पना आहे त्या वैज्ञानिकाला गणितज्ञ मिळणे तुलनेने सोपे. ज्याच्यापाशी समीकरण आहे त्याला ते लागू पडेल असा विषय आणि वैज्ञानिक मिळणे कठीण. यावरून ते एक तत्त्व सांगतात : गणिती क्षमता कोणत्याही पातळीची असो, त्या पातळीवर उत्कृष्ट काम करता येईल अशी एखादी ज्ञानशाखा असतेच.

या प्रतिपादनामागे त्यांचे स्वतःचे आयुष्य आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील सामान्य शाळांत त्यांचे शिक्षण झाले. अलाबामा विद्यापीठात पहिल्या वर्षाला येईपर्यंत त्यांनी बीजगणिताचा अभ्यासक्रम घेतला नव्हता. हार्वर्डमध्ये कायमस्वरूपी प्राध्यापकपद मिळाल्यानंतर, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते कलनशास्त्राच्या वर्गात पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबर जाऊन बसले. त्यांतील काही जण त्यांच्याच उत्क्रांतीच्या वर्गातले विद्यार्थी होते. तेथे त्यांना ‘सी’च्या वरची श्रेणी मिळाली नाही. त्याच दशकात रॉबर्ट मॅकआर्थर या गणिताची उत्तम जाण असलेल्या परिस्थितिविज्ञानशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी द्वीपांच्या जीवभूगोलाचा सिद्धान्त मांडला. त्यांचा संयुक्त शोधनिबंध १९६३ मध्ये आणि ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जॉर्ज ऑस्टर यांच्या सहकार्याने सामाजिक कीटकांमधील श्रमविभागणीवरील ग्रंथ १९७८ मध्ये आला.

भूमिकेचे बळ

या भूमिकेतील पहिली मोलाची गोष्ट म्हणजे क्रम. विल्सन यांच्या पहिल्या पत्राचा आशय असा आहे की, आधी विषयाची ओढ आणि मग प्रशिक्षण. आपल्या प्रवेशपद्धतीत हा क्रम नेमका उलटा असतो. आधी गुणपत्रिकेतील सर्वांत दुबळा आकडा पाहिला जातो, त्यावरून शाखा ठरते आणि ओढ निर्माण होईल अशी आशा पुढच्या वर्षांवर सोडली जाते.

दुसरी गोष्ट उणिवेकडे पाहण्याच्या दृष्टीची आहे. लहानपणी मासेमारी करताना झालेल्या अपघातात विल्सन यांची एका डोळ्याची दृष्टी गेली होती आणि पुढे उच्च स्वर ऐकू येण्याची क्षमताही कमी झाली. पक्षी व बेडूक यांच्या अभ्यासात या दोन्ही उणिवा अडचणीच्या होत्या. उरलेल्या डोळ्याला जवळचे सूक्ष्म तपशील स्पष्ट दिसत. म्हणून ते मुंग्यांकडे वळले आणि मुंग्यांचे जगातील अग्रगण्य अभ्यासक झाले. ही निवडसुद्धा वजाबाकीचीच नव्हे काय, असा आक्षेप येथे कोणी घेईल. परंतु भेद महत्त्वाचा आहे. निसर्गाचा अभ्यास करायचा, हे आधी ठरलेले होते. उणिवेने त्या अभ्यासातील वाट ठरवली, अभ्यास ठरवला नाही. उणीव दिशा देऊ शकते, प्रयोजन देऊ शकत नाही. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत प्रयोजनाचा प्रश्न विचारलाच जात नाही आणि उणिवेलाच प्रयोजनाच्या जागी बसवले जाते.

तिसरे बळ भीतीच्या निदानाचे आहे. गणिताची धास्ती आणि गणिताची अक्षमता या एकच गोष्टी नव्हेत. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आदी मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनातून असे दिसून आले आहे की, चिंता ही आकडेमोडीला लागणारी कार्यकारी स्मृतीच व्यापून टाकते. त्यामुळे येत असलेले उदाहरणही सुटत नाही. ही धास्ती संसर्गजन्यही असते. सायन बायलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले की, पहिली-दुसरीच्या शिक्षिकांच्या मनात गणिताची धास्ती जितकी अधिक, तितके त्यांच्या वर्गातील मुलींचे वर्षअखेरीचे गणितातील यश कमी होते. ‘गणित हा मुलग्यांचा विषय’ हा समजही अशा मुलींत अधिक रुजलेला होता. तेव्हा ‘जमत नाही’ या शब्दांत किती स्वभाव आहे, किती शिकवणीचा दोष आहे आणि किती उसनी भीती आहे, हे वेगळे केल्याशिवाय त्यावर आयुष्याचा निर्णय उभारणे धोक्याचे आहे. गणनअक्षमता, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया, असलेल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ती विशिष्ट अध्ययन अक्षमतेत अंतर्भूत केली असून, अशा विद्यार्थ्याला सवलत मिळणे हा त्याचा हक्क आहे. परंतु निदान न होता सरसकट लावलेला ‘कच्चा’ हा शिक्का म्हणजे सवलत नव्हे.

भूमिकेच्या मर्यादा

विल्सन यांचे लेखन प्रसिद्ध होताच बर्कली येथील गणितज्ञ एडवर्ड फ्रेंकेल यांनी ‘स्लेट’ या नियतकालिकातून त्याला विरोध केला. तरुणांना गणितापासून दूर राहण्यास उत्तेजन देणारा हा सल्ला दिशाभूल करणारा आहे, असा त्यांचा रोख होता. फ्रेंकेल यांच्या ‘लव्ह अँड मॅथ’ (२०१३) या ग्रंथात एक समर्पक दृष्टान्त आहे : चित्रकलेच्या वर्गात विद्यार्थ्यांना फक्त कुंपण रंगवायला शिकवले आणि थोर चित्रकारांची चित्रे कधी दाखवलीच नाहीत, तर त्यांना चित्रकलेविषयी जे वाटेल तेच आज शाळेतील गणिताविषयी वाटते. हा आक्षेप योग्य असला तरी तो गणितज्ञाच्या बाजूने घेतलेला आहे. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहता विल्सन यांच्या भूमिकेत आणखी तीन मर्यादा दिसतात.

पहिली मर्यादा स्थानाची. गणितज्ञ सहकारी शोधा, हा सल्ला हार्वर्डच्या प्राध्यापकाला सोपा आहे. तालुक्याच्या गावी समाजशास्त्राची पदवी घेणाऱ्या विद्यार्थिनीला मॅकआर्थर कोठून मिळावा? अनेक महाविद्यालयांत संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभागच नसतो. असला तरी कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्याची पायरी चढावी, अशी व्यवस्था नसते. सहकार्य ही व्यक्तीची युक्ती नव्हे, ती संस्थेने उभारायची सोय आहे.

दुसरी मर्यादा विल्सन यांच्या स्वतःच्याच उदाहरणात दडलेली आहे. गणिताशिवाय भागते, असे त्यांचे आयुष्य सांगत नाही. भागत नाही असे दिसताच ते बत्तिसाव्या वर्षी वर्गात जाऊन बसले, हे ते सांगते. द्वीपसिद्धान्ताच्या मुळाशी असलेले एक निरीक्षण असे की, बेटाचे क्षेत्रफळ दसपट झाले तर तेथील प्रजातींची संख्या दसपट न होता साधारण दुप्पट होते. हे विधान समजायला प्रकांड गणित लागत नाही; पण त्यातील ‘प्रमाण’ ज्याला कळत नाही, त्याला मॅकआर्थरशी संवादच साधता आला नसता. सहकार्यासाठीसुद्धा दुभाष्याइतकी भाषा यावी लागते. विल्सन यांनी गणिती क्षमता कमी असल्यास ती वाढवण्याचा सल्लाही दिला आहे. दुर्दैवाने त्यांच्या पत्राचा जो सारांश लोकप्रिय झाला, त्यातून तो गळला.

तिसरी मर्यादा डार्विनच्या दाखल्याची. गणितावाचून मोठे विज्ञान घडते, याचे श्रेष्ठ उदाहरण म्हणून चार्ल्स डार्विनचे नाव नेहमी घेतले जाते. डार्विनने आत्मचरित्रात मात्र या गोष्टीचा अभिमान नव्हे, खेद नोंदवला आहे. १८२८ च्या उन्हाळ्यात बार्मथ येथे खासगी शिक्षकाकडे त्याने गणिताचा प्रयत्न केला, पण बीजगणिताच्या आरंभीच्या पायऱ्यांत त्याला काही अर्थ दिसेना आणि त्याने तो सोडला. गणिताची महत्त्वाची मूलतत्त्वे कळतील इतपत तरी पुढे जायला हवे होते, असे त्याला पुढे वाटत राहिले. ज्यांना ती कळतात त्यांना जणू एक जादा इंद्रिय लाभलेले असते, असे त्याचे मत होते.

या खेदाला प्रत्यक्ष आधारही दाखवता येतो. पाळीव प्राणी व लागवडीच्या वनस्पती यांतील परिवर्तनावरील १८६८ च्या ग्रंथात डार्विनने स्नॅपड्रॅगन या फुलझाडाच्या संकराचा प्रयोग नोंदवला आहे. नेहमीच्या आकाराची फुले आणि एका वेगळ्या, सममित आकाराची फुले असलेल्या झाडांचा त्याने संकर केला. पहिल्या पिढीत सर्व झाडांना नेहमीची फुले आली. दुसऱ्या पिढीतील १२७ झाडांपैकी ८८ नेहमीची, ३७ वेगळ्या आकाराची आणि २ मधल्या स्वरूपाची निघाली. त्याआधी दोनच वर्षे, १८६६ मध्ये, ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यावरील निबंध छापून झाला होता. मेंडेलने व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकी व गणिताचे शिक्षण घेतले होते. त्याच्या प्रयोगात दुसऱ्या पिढीतील गोल बिया ५४७४ आणि सुरकुतलेल्या १८५० होत्या, आणि या आकड्यांत त्याला तीनास एक हे प्रमाण दिसले. डार्विनपुढे त्याच जातीचे आकडे होते. त्यामागचा नियम त्याने शोधला नाही. नमुना लहान होता, आनुवंशिकतेविषयीची त्याची स्वतःची कल्पना वेगळी होती, ही कारणेही आहेतच. एकट्या गणिताला दोष देणे अन्यायाचे होईल. तरीही एवढे म्हणता येते की, गणितावाचून डार्विन थोर झाला आणि गणितावाचून त्याचे काही राहूनही गेले. या दोन विधानांपैकी एकच विद्यार्थ्यापुढे ठेवणे ही अर्धी शिकवण होय.

कला शाखेतील अदृश्य गणित

विल्सन यांचे तत्त्व विज्ञानातील शाखांविषयी आहे. आपल्याकडे त्याचा सोयीस्कर विस्तार असा होतो : विज्ञानात गणित, वाणिज्यात थोडे गणित आणि कला शाखेत मुळीच नाही. ही उतरंड खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचे दाखले आपल्याच विषयांत विपुल आहेत.

मराठीच्या वर्गात आपण छंदःशास्त्र शिकवतो. लघू आणि गुरू या दोन अक्षरप्रकारांची तीन-तीनांची जुळणी केली की नेमके आठ गण होतात, सात किंवा नऊ होत नाहीत. कारण दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ. लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन मात्रा धरल्या, तर चार मात्रांची जागा पाच प्रकारे भरता येते, पाच मात्रांची आठ प्रकारे, सहा मात्रांची तेरा प्रकारे. प्रत्येक संख्या ही आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. ही श्रेणी युरोपात फिबोनाचीच्या नावाने प्रसिद्ध झाली. त्याआधी विरहाङ्क आणि हेमचंद्र या छंदःशास्त्रकारांना ती ज्ञात होती. माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचना’सारख्या ग्रंथामागेही मात्रांची काटेकोर मोजदाद आहे. ‘गणित नको’ म्हणून मराठी घेतलेला विद्यार्थी वृत्ताचे लक्षण पाठ करतो, पण आपण मोजतो आहोत हे त्याला कोणी सांगत नाही. सांगितले असते तर कदाचित दोन्ही विषयांची भीती कमी झाली असती.

इतिहासाचे तसेच आहे. जेधे शकावलीत शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, एवढेच पाठ केलेला विद्यार्थी १६२९ असे उत्तर काढील. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, फाल्गुनापर्यंत इसवी सनाचे आकडे पालटलेले असतात. म्हणून येथे ७९ मिळवावे लागतात आणि उत्तर १६३० येते. मराठी कागदपत्रांतील सुहूर सनात काही महिन्यांना ५९९ आणि काहींना ६०० मिळवावे लागतात. हिजरी सन चांद्र असल्याने दरवर्षी सौर वर्षाच्या सुमारे अकरा दिवस मागे सरकतो; तेथे नुसती बेरीज चालतच नाही. दप्तरातील कागदाचा काल ठरवणे हे इतिहाससंशोधनाचे पहिले काम, आणि ते अंकगणिताचे काम आहे. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल यांतील संख्याशास्त्र व नकाशाप्रमाणे तर सर्वश्रुत आहेत.

ही उदाहरणे देण्यामागे ‘पाहा, गणितापासून सुटका नाही’ असे भय घालण्याचा हेतू नाही. मुद्दा असा की, या सर्व ठिकाणी लागणारे गणित विषयाच्या पोटातून आलेले, मर्यादित आणि अर्थपूर्ण आहे. डार्विनला बीजगणिताच्या आरंभीच्या पायऱ्यांत अर्थ दिसला नव्हता. शिवजन्माच्या वादात कोणती तारीख का टिकते हे समजून घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ७८ की ७९ या प्रश्नात अर्थ दिसतो. ज्याला निरर्थक गणित जमले नाही त्याला अर्थपूर्ण गणितही जमणार नाही, असे आपण गृहीत धरतो. त्याला आधार नाही.

सहकार्याचाही एक दाखला आपल्या परिसरात आहे. इरावती कर्वे यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवी मिळवली, मुंबईस घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि बर्लिनमध्ये मानवशास्त्रात डॉक्टरेट घेतली. पुढे महाराष्ट्रातील लोकसमूहांच्या शरीरमापनाचा ग्रंथ १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर त्यांच्यासह वि. म. दांडेकर या संख्याशास्त्र व अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे नाव होते. इरावतीबाई गणितात कच्च्या होत्या असे येथे मुळीच सुचवायचे नाही. तत्त्वज्ञानाच्या पदवीपासून निघालेली वाट मोजमापापर्यंत येऊ शकते, आणि तेथे दोन ज्ञानशाखांच्या अभ्यासकांनी खांद्याला खांदा लावून काम करता येते, एवढेच सुचवायचे आहे. त्यासाठी दोन्ही अभ्यासक एकाच शहरात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते, हेही विसरता येत नाही.

शेरा आणि दरवाजे

आता धोरणाकडे वळू. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अध्ययन अक्षमतेसंबंधीच्या एका याचिकेच्या सुनावणीत, दहावीला गणित वैकल्पिक ठेवता येईल काय, अशी विचारणा केली होती. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताचे ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन स्तर केले. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात (२०२४) अशी तरतूद मांडण्यात आली की, गणित वा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, परंतु किमान २० गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला पुढे जाता यावे. मात्र त्या विषयांवर आधारित शिक्षण त्याला पुढे घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. ज्याला असा शेरा नको, त्याला पुन्हा परीक्षा देण्याचा पर्याय असेल, असेही तेव्हा सांगण्यात आले.

या तरतुदीमागील करुणा खरी आहे. एका विषयापायी शिक्षणच सुटलेली मुले-मुली प्रत्येक गावात आहेत. मुलींच्या बाबतीत तर नापास होणे म्हणजे अनेकदा शिक्षणाचा शेवट आणि लग्नाचा प्रारंभ. त्यांना पुढे येऊ देणे आवश्यकच आहे. आक्षेप आहे तो शेऱ्याला. ‘आज जमले नाही’ ही नोंद आणि ‘यापुढे घेता येणार नाही’ हा निवाडा यांत फरक आहे. पंधराव्या वर्षीचा गुण बत्तिसाव्या वर्षीच्या विल्सनला वर्गात बसण्यापासून रोखू शकला नाही, कारण त्याच्या प्रमाणपत्रावर असा शेरा नव्हता.

शिवाय शेरा ज्या मार्गाने विद्यार्थ्याला पाठवतो, त्या मार्गावर गणिताचे नाके आहेतच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्व परीक्षेत २०११ पासून असलेल्या अभियोग्यतेच्या पेपरात दहावीच्या पातळीचे अंकज्ञान विचारले जाते. २०१५ पासून तो केवळ पात्रतेसाठी असला तरी ३३ टक्के गुण मिळवल्याशिवाय उमेदवार पुढे जात नाही. विधी शिक्षणाच्या पदवीपूर्व ‘क्लॅट’ परीक्षेत संख्यात्मक प्रश्नांचा स्वतंत्र विभाग आहे. साहित्याच्या अध्यापकाला ज्या ‘नेट’ परीक्षेतून जावे लागते, तिच्या पहिल्या पेपरात गणिती युक्तिवाद आणि आधारसामग्रीचे अर्थनिर्वचन हे घटक आहेत. बँकांच्या परीक्षांविषयी तर बोलायलाच नको. पंधराव्या वर्षी ज्याला ‘गणित टळले’ असे आपण सांगतो, त्याला बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ते पुन्हा गाठते. तेव्हा मधल्या सात वर्षांत त्याला ते कोणीच शिकवलेले नसते. आणि त्या वयात शहरातल्या शिकवणी वर्गाची फी भरू शकणारा पुढे जातो, न भरू शकणारा मागे राहतो. टाळलेल्या गणिताची किंमत अशी गरिबाकडूनच वसूल होते. वजाबाकीच्या निवडीतील खरा अन्याय हा आहे.

मुख्य विषयाची निवड : तीन प्रश्न

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीमुळे पदवीच्या विद्यार्थ्याला मेजर व मायनर विषय निवडावे लागतात आणि ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरून घ्यावा लागतो. निवडीचे प्रसंग वाढले आहेत. म्हणून मार्गदर्शनाची जबाबदारीही वाढली आहे. समुपदेशन करणाऱ्या अध्यापकाने विद्यार्थ्याला तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत, असे वरील चिकित्सेवरून सुचवता येते.

पहिला प्रश्न : कोणत्या प्रकारच्या प्रश्नांत तुझे मन रमते? माणसे अशी का वागतात, शब्दाचा अर्थ कसा पालटतो, जुन्या कागदात काय दडले आहे, कायदा कोणाला न्याय देतो, रुग्णाच्या किंवा मुलाच्या शेजारी बसून काम करावेसे वाटते काय? येथे गुणपत्रिका बाजूला ठेवावी.

दुसरा प्रश्न : त्या वाटेवर कोणते गणित, किती आणि केव्हा लागते? ‘गणित’ हा एकच विषय मानणे ही येथील मोठी चूक. अनुवाद, संपादन, वकिली, अभिलेखागार, नाट्य या वाटांवर बीजगणित व कलनशास्त्र लागत नाही. पण अंदाजपत्रक, कालगणना, टक्केवारी आणि पुराव्याचे तर्कशास्त्र लागते. समाजकार्य, मानसशास्त्र, ग्रामीण विकास यांत संख्याशास्त्र लागते, आणि तेही बहुधा पदव्युत्तर संशोधनाच्या टप्प्यावर. सैद्धान्तिक अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणात मात्र चांगल्या गणिताला पर्याय नाही, आणि हे प्रवेशाच्या वेळीच स्वच्छ सांगणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे. खोटा धीर देणे हाही एक प्रकारचा दुर्लक्षितपणाच होय.

तिसरा प्रश्न : जे लागते आणि येत नाही, ते मिळवण्याची सोय कोणती? याचे उत्तर विद्यार्थ्याने नव्हे, महाविद्यालयाने द्यायचे आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी ओपन इलेक्टिव्हच्या यादीत ‘कागद, कालगणना आणि आकडे’ किंवा ‘वृत्तपत्रातील आकडेवारी वाचताना’ अशा स्वरूपाचा, परीक्षेतील गतीवर नव्हे तर समजुतीवर भर देणारा अभ्यासक्रम ठेवणे अशक्य नाही. गणित व संख्याशास्त्राच्या अध्यापकांनी आठवड्यातून एक तास इतर विभागांच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवणे, भाषा-इतिहासाच्या अध्यापकांनी आपल्या विषयातील मोजमाप वर्गात उघड करून दाखवणे, एवढ्याने पुष्कळ साधेल. खर्च फारसा नाही. विभागांच्या भिंती ओलांडण्याची तयारी मात्र हवी.

समारोप

विल्सन यांनी तरुणांना दिलेला धीर मोलाचा आहे. पण त्याचा अर्धाच भाग आपल्यापर्यंत पोहोचला. ओढ आधी, प्रशिक्षण नंतर, हे त्यांचे सूत्र स्वीकारताना ‘प्रशिक्षण नंतर’ याचा अर्थ ‘प्रशिक्षण नाही’ असा होत नाही. गणितात मागे असलेल्या विद्यार्थ्यापुढे अर्थपूर्ण शिक्षणाच्या आणि व्यवसायाच्या वाटा मुबलक आहेत, हे सत्य आहे. त्या वाटा गणितापासून पळण्याच्या वाटा नाहीत, हेही तितकेच सत्य आहे. कला शाखा ही उरलेल्यांची शाखा नव्हे, असे आपण भाषणांत नेहमी म्हणतो. ते प्रवेशाच्या टेबलावर सिद्ध करायचे असेल, तर ‘काय जमत नाही?’ या प्रश्नाने सुरू होणारे संभाषण ‘काय शोधायचे आहे?’ या प्रश्नाने सुरू करावे लागेल. आणि मग त्या शोधाला जितके गणित लागते तितके, विद्यार्थ्याच्या वेगाने, वर्गातच शिकवावे लागेल. शेरा मारण्यापेक्षा हे काम कष्टाचे आहे, पण अध्यापकाचे काम तेच आहे.